संख्यांचा स्वभाव आणि देवळालीचे मास्तर

गणिताचा विषय निघाला कीं पुष्कळ घरांतून दोनच उद्गार ऐकूं येतात. "आमच्या मुलाचें गणित कच्चें आहे," हा पहिला. आणि "आमचेंही कच्चेंच होतें," हा दुसरा. पहिल्यांत काळजी असते, दुसऱ्यांत समाधान असतें. परंतु ज्या विषयाची एवढी धास्ती, त्याचें मूळ जी संख्या, तिची आणि मुलाची ओळख कोणीं कधीं करून दिली होती काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मुलाला संख्या भेटते ती नेहमीं दुसऱ्या कोणाची तरी चाकरी करीत असतांना भेटते. कधीं ती दुधाच्या हिशेबांत राबत असते, कधीं चक्रवाढ व्याजांत, तर कधीं हौद भरणाऱ्या आणि रिकामा करणाऱ्या नळांत. तिला स्वतःचा कांहीं स्वभाव आहे, कांहीं खोडी आहेत, कांहीं नातींगोतीं आहेत, हें मुलाला कळण्यापूर्वींच परीक्षेची घंटा होते.

हा स्वभाव मुलांनीं स्वतः शोधावा आणि शिक्षकानें त्यांच्या बरोबरीनें शोधावा, हें केवळ बोलावयाचें तत्त्व नाहीं. नाशिकजवळच्या देवळालीस एका शाळामास्तरांनीं बत्तीस वर्षें शिकवीत असतां संख्यांचा हा ध्यास घेतला, आणि त्यांना सांपडलेल्या कांहीं संख्या आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांच्या नांवानें ओळखल्या जातात. त्यांचें नांव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांच्या शोधाचा मासला पाहावयास विद्वत्तेची गरज नाहीं. कागद आणि पेन्सिल पुरे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे असूं नयेत, एवढीच अट. कापरेकरांचें जन्मवर्ष १९०५. तीच संख्या घेतली असें समजावें. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले कीं ९५१० होतात; लहानाकडून मोठ्याकडे मांडले कीं ०१५९ होतात. पहिलींतून दुसरी वजा केली कीं ९३५१ उरतात. आतां ९३५१ ची हीच गत करावी: ९५३१ मधून १३५९ गेले, राहिले ८१७२. पुढें ८७२१ मधून १२७८ गेले, राहिले ७४४३. पुढें ७४४३ मधून ३४४७ गेले, राहिले ३९९६. पुढें ९९६३ मधून ३६९९ गेले, राहिले ६२६४. पुढें ६६४२ मधून २४६६ गेले, राहिले ४१७६. आणि ७६४१ मधून १४६७ गेले, राहिले ६१७४. आतां ६१७४ चे अंक पुन्हां तसेच मांडले, तर तीच ७६४१ व १४६७ ही जोडी येते आणि वजाबाकी पुन्हां ६१७४ च येते. गाडी येथें थांबली. कोणत्याही गांवाहून निघावें, मुक्काम ६१७४ लाच. आणि तोहि फार तर सात वजाबाक्यांत. १९०५ ला पुरत्या सात लागल्या. दुसऱ्या कोणाला आपलें जन्मवर्ष घेऊन हा ताळा पाहतां येईल.

संख्येकडे तिच्यासाठींच पाहण्याची ही दृष्टि या भूमीला नवी नव्हती. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सुमारास 'लीलावती' रचली. तिच्या शेवटीं अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. २ आणि ८ या अंकांच्या जागा बदलून किती संख्या होतील, ३, ९ आणि ८ यांच्या किती होतील, आणि त्या सर्वांची बेरीज काय, असा तेथें प्रश्न आहे. पहिल्याचें उत्तर दोन संख्या, बेरीज ११०. दुसऱ्याचें उत्तर सहा संख्या, बेरीज ४४४०. या प्रश्नांत दूध नाहीं कीं व्याज नाहीं. सहाही संख्या लिहून बेरीज करणारा विद्यार्थी उत्तर मिळवितो. परंतु प्रत्येक अंक प्रत्येक घरांत दोनदां येतो, म्हणून प्रत्येक घराची बेरीज विसाची दुप्पट म्हणजे ४० च असली पाहिजे, हें ज्याच्या ध्यानांत येतें, त्याला उत्तराबरोबर कारणही मिळतें. ४० ला १११ नीं गुणलें कीं ४४४० झाले.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, असें १२०७ सालच्या शिलालेखावरून कळतें. पुढें १३५६ सालीं नारायण पंडितानें 'गणितकौमुदी' लिहिली आणि तींत अंकपाशाबरोबर भद्रगणितासही, म्हणजे ज्या चौकटींत उभी, आडवी, तिरपी बेरीज एकच येते त्या चौकटींच्या गणितासही, स्वतंत्र स्थान दिलें. परंतु ही परंपरा ग्रंथांत राहिली. गांवच्या पंतोजीच्या शाळेंत मुलाच्या वांट्याला आली ती पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. त्या पाठांतराला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. तोंडी हिशेबाची जी चपळाई जुन्या पिढींत होती ती त्यांतूनच आली. परंतु पाठांतर हें तालमींतल्या जोरबैठकांसारखें आहे, आणि जोरबैठका म्हणजे कुस्ती नव्हे. नव्या शाळा आल्या तेव्हां धुळपाटी जाऊन दगडी पाटी आली, पुस्तकें आलीं, परीक्षा आल्या. तरी कचेरी आणि दुकान यांना लागेल तेवढें गणित यावें, हीच बहुतेकांची अपेक्षा राहिली. अशा काळांत कापरेकरांचा जन्म झाला.

१७ जानेवारी १९०५ रोजीं ते डहाणूस जन्मले. आठ वर्षांचे असतां त्यांचें मातृछत्र हरपलें. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडावयाची म्हणजे आंकडेमोड आलीच. मुलाची संख्यांशीं सलगी घरांतच झाली. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झालें, आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं प्रवेश घेतला. तेथें विद्यार्थी असतां १९२७ सालीं गणितांतील स्वतंत्र लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्या काळच्या प्रत्येक गणिती विद्यार्थ्याचें दैवत होते. १९२९ सालीं कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले, आणि १९३० सालीं देवळालीस शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत ते शाळामास्तरच राहिले. स्वतःला असलेली संख्यांची गोडी मुलांना लावून ते शिकवीत, आणि आसपासच्या कॉलेजांतून आपल्या रीतींवर बोलण्यासाठीं त्यांना बोलावणीं येत.

त्यांच्या शोधांचें मूळ किती साध्या ठिकाणीं असे, याचें उदाहरण 'डेम्लो संख्या' हें आहे. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्टेशनावर गाडी बदलीत असतां एका जातीच्या संख्यांची कल्पना त्यांच्या मनांत आली, म्हणून स्टेशनाच्या नांवावरून त्यांनीं तिला हें नांव दिलें. २५५३ ही त्या जातीची एक संख्या: दोन टोंकांचे २ आणि ३ मिळविले कीं मधला ५ होतो. ४७७७३ ही दुसरी: ४ आणि ३ मिळून ७. त्यांतल्याच कांहीं शाळेंतल्या मुलाच्या फार जवळच्या आहेत. ११ ला ११ नीं गुणलें कीं १२१. १११ ला १११ नीं गुणलें कीं १२३२१. ११११ ला ११११ नीं गुणलें कीं १२३४३२१. मुलाला नुसतें उत्तर दाखवून भागत नाहीं. त्यानें गुणाकार पाटीवर मांडला, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून एकाखालीं एक लिहिली, तर ओळींचा जिना त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि मधल्या रकान्यांत सर्वांत अधिक एक कां जमतात हें त्याचें त्यालाच दिसतें. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो. दहा एकांपाशीं हातचा येतो आणि डौल मोडतो. तो कां मोडला, हें सांगणारा मुलगा हातचा म्हणजे काय हें दहा उदाहरणें सोडविणाऱ्यापेक्षां चांगलें शिकलेला असतो.

ज्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात त्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे केले, २० आणि २५, आणि ते मिळविले कीं पुन्हां ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ आणि १ मिळून ९९. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यानें १९१७ सालच्या आपल्या पुस्तकांत ३०२५ ही संख्या लिहिलेली चिठ्ठी मधोमध फाटली अशी कल्पना करून एक कोडें घातलें होतें. ड्यूडनीच्या हातीं तें कोडें राहिलें. कापरेकरांनीं त्याचें कुळ धुंडाळलें. तीन अंकी संख्यांतही हा गुण सांपडतो: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७, ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ व २०९ मिळून ७०३.

शाळेंतला मुलगा येथें दोन गोष्टी करूं शकतो. तो एकामागून एक वर्ग करून पाहूं शकतो. ही झाली टेहळणी. आणि तो 'कां?' असें विचारूं शकतो. हें झालें गणित. २०२५ मध्यें २० हे शंभराच्या घरांत आहेत. त्यांना एकंच्या घरांत आणून मिळविलें, म्हणजे २० × ९९ एवढें आपण गमावलें. आणि ४५ च्या वर्गावरून ४५ वर येण्यासाठीं ४५ × ४४ एवढें गमवावें लागतें. तेव्हां ४५ × ४४ याला ९९ नीं निःशेष भाग गेलाच पाहिजे. सारें रहस्य उलगडलें! जिला तिच्या मागच्या संख्येनें गुणलें असतां ९९ नीं भाग जातो, अशी दोन अंकी संख्या शोधावयाची. ९९ म्हणजे ९ × ११. शेजारच्या दोन संख्यांत १ वांचून सामाईक विभाजक नसतो, म्हणून ९ चे तुकडे दोघींत वांटले जाऊं शकत नाहींत. मग एकींत ९ आणि दुसरींत ११ असले पाहिजेत, नाहींतर दोन्ही एकींतच. ४४ मध्यें ११ आहेत, ४५ मध्यें ९. ५४ मध्यें ९ आहेत, ५५ मध्यें ११. आणि ९९ मध्यें दोन्ही. दोन अंकी संख्यांत चौथी नाहीं, हें आतां एकही वर्ग न करितां सांगतां येतें. तीन अंकांसाठीं ९९ च्या जागीं ९९९ येतात, म्हणजे २७ × ३७. २९७ मध्यें २७ आहेत आणि २९६ मध्यें ३७. ७०३ मध्यें ३७ आहेत आणि ७०२ मध्यें २७. जो मुलगा विभाजकांच्या धड्यांत जांभया देत होता, त्याला विभाजक कशाला शिकावयाचे याचें उत्तर येथें मिळतें. १९३६ नंतर पूर्ण वर्गाचें साल आलें तें २०२५. अशी संधि शाळेला नव्वद वर्षांत एकदां येते.

आतां ६१७४ कडे वळावयास हरकत नाहीं. कापरेकरांनीं ही गोष्ट १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडली, आणि पुढें १९५३ सालीं न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकांत ती छापून आली. चार अंकी संख्या हजारों आहेत; प्रत्येक तपासावयाची म्हटली तर वर्ष पुरणार नाहीं. तरी ही गोष्ट सर्वांना लागू आहे, हें शाळेच्या एका वर्गाला एका तासांत सिद्ध करितां येतें.

आधीं तीन अंकी संख्या घ्याव्या. त्यांत मधला अंक वजाबाकींत आपोआप कटतो, आणि मोठ्या व लहान अंकांतला फरक ९९ च्या पटींत उरतो. हा फरक १ पासून ९ पर्यंतच असूं शकतो; म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर नऊच उत्तरें संभवतात: ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत. त्या नऊ तपासल्या कीं सर्व तपासल्या गेल्या. आणि त्या साऱ्या ४९५ वर येऊन थांबतात. चार अंकी संख्येंतही तोच न्याय. सर्वांत मोठा अंक हजाराच्या घरांतून एकंच्या घरांत जातो, म्हणून मोठ्या आणि लहान अंकांतला फरक ९९९ च्या पटीनें उतरतो. मधल्या दोन अंकांतला फरक ९० च्या पटीनें. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याएवढा. अशा जोड्या मोजल्या तर चौपन्न भरतात. हजारों संख्यांच्या गर्दीमागें चौपन्नच उंबरठे! वर्गांत चौपन्न मुलें असलीं तर प्रत्येकाच्या वांट्याला एक उंबरठा येतो. तास संपेपर्यंत चौपन्नही वाटा ६१७४ ला पोंचलेल्या असतात. ज्याचा आंकडा चुकला तो आपल्या शेजाऱ्याला विचारील आणि चूक शोधील. कारण येथें उत्तर पुस्तकाच्या मागें छापलेलें नाहीं, तें सर्वांनीं मिळून सिद्ध करावयाचें आहे. स्वतःची एक वजाबाकी सिद्धतेला लागली, हा अनुभव गुणपत्रिकेवरील आंकड्याहून निराळा असतो.

याच वाटेनें दोन अंकी संख्या नेल्या तर मात्र निराळाच प्रकार होतो. तेथें मुक्कामच नाहीं. ८१ वरून ६३, ६३ वरून २७, २७ वरून ४५, ४५ वरून ०९ आणि ०९ वरून पुन्हां ८१, असें रहाट फिरतें. तीन आणि चार अंकांना जें लागू पडलें तें दोनांना लागू पडत नाहीं. सादृश्यावर विसंबून विधान करूं नये, हा धडा तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षां या पांच संख्यांच्या रहाटगाडग्यांत अधिक चांगला मिळतो.

हा धडा पुढें कापरेकरांच्या 'स्वयंभू' संख्यांनीं पुन्हां दिला. एखाद्या संख्येंत तिचेच अंक मिळवावे: १५ मध्यें १ आणि ५ मिळविले कीं २१ होतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला जनक दोन आहेत, ९१ आणि १००. परंतु २० ला जनकच नाहीं. कोणत्याही संख्येंत तिचे अंक मिळवून २० होत नाहींत. अशा संख्यांना कापरेकरांनीं स्वयंभू म्हटलें. त्यांना देवळालीचेंही नांव आहे. त्यांवरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९६३ सालीं देवळालीसच प्रसिद्ध झालें. आतां या संख्या क्रमानें लिहाव्या: २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. प्रत्येक वेळीं ११ ची वाढ. नऊ वेळां एक गोष्ट घडली म्हणजे दहाव्या वेळीं घडणारच, असें मन म्हणतें आणि हात ११९ लिहितो. पण ११९ स्वयंभू नाहीं. १०९ मध्यें तिचे अंक मिळविले कीं ११९ होतात. पुढची स्वयंभू संख्या ११० आहे. या एका पायरीवर ज्याचा पाय घसरला, तो पुढें कोणताही नियम तपासल्यावांचून मान्य करणार नाहीं. आणि ही संवय गणिताच्या तासापुरती राहत नाहीं. वर्तमानपत्र वाचतांना आणि बाजारांत वस्तु घेतांनाही ती उपयोगी पडते.

आणखी एका जातीला त्यांनीं 'हर्षद' असें गोड नांव ठेविलें. जिला तिच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो ती हर्षद. १२ ही हर्षद आहे, कारण १ आणि २ मिळून ३, आणि ३ नीं १२ ला भाग जातो. १७२९ ही संख्या रामानुजन् यांच्यामुळें प्रसिद्ध आहे. दोन घनांच्या बेरजेच्या रूपानें दोन रीतींनीं मांडतां येणारी ती सर्वांत लहान संख्या. तीहि हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १७२९ म्हणजे १९ × ९१. गुणक आणि गुण्य एकमेकांचीं उलटीं रूपें. आणि ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. ६१७४ म्हणजे १८ × ३४३, आणि ३४३ हा ७ चा घन. एकीची ओळख दुसरीच्या घरीं नेते ती अशी.

इतकें असूनही कापरेकरांची वाट सुखाची झाली नाहीं. देशांतील अनेक गणितपंडितांनीं त्यांचें काम क्षुल्लक ठरविलें. निवृत्तीनंतर पेन्शन अपुरें पडलें, आणि त्यांना शिकवण्या करून चरितार्थ चालवावा लागला. १९७५ च्या मार्चमध्यें मार्टिन गार्डनर यानें 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या गणितविषयक सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें जगाचें लक्ष देवळालीकडे गेलें. त्या वेळीं त्यांचें वय सत्तर होतें. १९८६ सालीं देवळालीसच त्यांचा अंत झाला.

पंडितांच्या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. ६१७४ चें माहात्म्य आपण दहांनीं मोजतों म्हणून आहे. आठांनीं मोजणारें एखादें राष्ट्र असतें तर तेथें ही संख्या सामान्य ठरली असती. अर्थात् हा गुण संख्येचा नसून तिच्या लिहिण्याचा आहे, असें म्हणतां येईल. परंतु या आक्षेपाला उत्तरही आहे. ९९ नीं भाग जाण्याचें जें कारण वर आलें, तें आठांच्या पद्धतींतही लागू पडतें; तेथें ९९ च्या जागीं ६३ येतात, आणि नव्या संख्या त्याच युक्तीनें सांपडतात. शेजारच्या दोन संख्यांत सामाईक विभाजक नसतो, हें सत्य कोणी कसेंही मोजलें तरी बदलत नाहीं. अंकांच्या खेळांतून निघालेली वाट अशी संख्यांच्या खऱ्या गुणांपर्यंत पोंचते. मुलाला पहिल्या दिवशींच गडावर नेतां येत नाहीं. त्याच्या अंगणांतून वाट काढावी लागते. एकं, दहं, शतं हें मुलाचें अंगण आहे.

शाळेच्या दृष्टीनें या कथेचें तात्पर्य कापरेकरांच्या संख्या पाठ करविणें हें नव्हे. ६१७४ हा आंकडा घोकून घेतला तर तो पावकी-निमकीच्या यादींत आणखी एक भर होईल, आणि पावकी निदान व्यवहारांत तरी उपयोगी पडे. तात्पर्य रीतीचें आहे. आधीं मुलानें करून पाहावें. मग जें दिसलें तें कोष्टकांत मांडावें. मग अंदाज बांधावा. मग तो अंदाज मोडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. आणि न मोडला तर कारण शोधावें. या पांच पायऱ्यांत शिक्षकानें घाई केली, कारण आधींच सांगून टाकलें, तर मुलाच्या हातीं नुसतें फळ्यावरचें वाक्य उरतें. अभ्यासक्रम मोठा, तास लहान, आणि वर्षाअखेर परीक्षा, ही शिक्षकाची अडचण खरी आहे. तरी आठवड्यांतला एखादा तास असा काढतां येतो. त्याला यंत्र लागत नाहीं, सामान लागत नाहीं. लागतें तें एकच, आणि तें मात्र मिळावयास कठीण आहे: मुलानें विचारलेल्या प्रश्नाला, "मला ठाऊक नाहीं, आपण पाहूं," असें म्हणण्याची शिक्षकाची तयारी.

ही तयारी घरांतही ठेवतां येते. पांच अंकी संख्यांची हीच वजाबाकी करीत गेलें तर त्या कोठें थांबतात, कीं दोन अंकी संख्यांसारख्या रहाटाला लागतात, याचें उत्तर येथें मुद्दामच दिलेलें नाहीं. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर वडील आणि मुलगा, किंवा आई आणि मुलगी, एका कागदावर बसून तें शोधूं शकतात. त्या वेळीं कोणाचें गणित पक्कें आणि कोणाचें कच्चें हा प्रश्नच उरत नाहीं. उत्तर दोघांनाही ठाऊक नसतें, आणि वजाबाकी दोघांनाही येत असते.